दिगूच्या दोन तारा

ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याकडे कुणी बघत नाही, हे आधीच सांगून टाकतो. उगाच मी फार मोठा कलाकार होतो असा कुणाचा समज नको. लोक गायिकेची साडी बघतात, निवेदकाच्या पांचट विनोदांना हसतात, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मारतात. गिटारवाला मागे, डाव्या अंगाला, स्पीकरच्या आडोशाला. तिथे मी अठ्ठावीस वर्षं उभा होतो. दिवसा भोसरीच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनचा सेटर, आणि सुटीला, सणासुदीला नानांच्या ऑर्केस्ट्रात. घर तळेगाव दाभाड्याला. तुमचा मुक्काम पोस्ट नक्की कुठला ते एकदा ठरवा, असं बायको म्हणायची आणि तिचं काही चूक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी वर्कशॉपमधून निवृत्त झालो आणि त्याच महिन्यात ऑर्केस्ट्राही सोडला. मनगट दुखतं म्हणून सोडला, असं सगळ्यांना सांगितलं. मनगट दुखतं हे खरं आहे. पण सोडला तो त्यासाठी नाही.

आमचा बेस गिटारवाला होता दिगंबर. सगळे दिगू म्हणायचे. मूळचा लातूरकडचा. विशीत भोसरीला आला, भाड्याच्या खोलीत राहिला आणि चाकणला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर लागला. नानांकडे तो खरं म्हणजे टेम्पोतून सामान उतरवायला आला होता. एकदा बेसवाला आलाच नाही, तेव्हा यानं गिटार गळ्यात अडकवली आणि चार गाणी निभावून नेली. त्यानंतर वीस वर्षं ती त्याच्या गळ्यातून उतरली नाही. माझ्या मोटारसायकलवर मागे बसायचा, पाठीला बेस, आणि रस्ताभर कानात गुणगुणायचा. मी चिडायचो. कधी कधी तर गाडी थांबवून शिव्या घालायचो.

बेस म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. चार जाड तारांची गिटार. तिचा आवाज खाली, खर्जात असतो. मांडवात बसलेल्या माणसाला विचारा, आज बेस कसा होता, तो विचारेल, कुठला बेस? पण बेसवाला मध्येच थांबला तर तोच माणूस खुर्चीत चुळबुळ करतो. काहीतरी चुकतंय एवढं त्याला कळतं, काय ते कळत नाही. दिगूला याचं वाईट वाटायचं नाही. आपण कुणाला दिसत नाही याची त्याला मजाच वाटायची. मला वाटायचं वाईट, पण तो माझा स्वभाव.

प्रेसचं काम असं असतं. पत्र्याचा तुकडा डायमध्ये, म्हणजे साच्यात ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, की प्रेस खाली येतो. बटणं दोन अशासाठी की दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय मशीन चालू नये. दिगूच्या मशीनचं एक बटण पट्टी चिकटवून कायमचं दाबून ठेवलं होतं. टार्गेट पुरं व्हायला पाहिजे ना. एक दिवस सकाळच्या शिफ्टला, साडेनऊच्या सुमारास, डाव्या हाताची पहिली दोन बोटं गेली. अंगठ्याच्या शेजारचं आणि मधलं, दोन्ही दुसऱ्या पेरापासून. गिटारवाल्याचा डावा हात म्हणजे सूर धरणारा हात. उजवा फक्त छेडतो.

मी दवाखान्यात गेलो तर हा पडल्या पडल्या विचारतो, "शनिवारच्या कार्यक्रमाचं काय करायलेत नाना?"

मी म्हणालो, "कार्यक्रम गेला खड्ड्यात. तू बरा हो. तुझी जागा कुठं जात नाही."

"मला यायचंय रे परत. बाकी काही नको मला. जागा तेवढी ठेव."

"ठेवतो," मी म्हणालो.

आता बघा, मी दिलेला शब्द कसा पाळला ते. नानांनी दोन कार्यक्रमांना बाहेरचा बेसवाला आणला. पोरगा चांगला वाजवायचा. नाना त्याला कायमचा घ्यायच्या गोष्टी करायला लागले. एकदा नवा माणूस टेकला की दिगू संपला. म्हणून मीच नानांना म्हणालो, "आठ तारांची गिटार मिळते. नेहमीच्या सहा, आणि वर दोन जाड तारा. त्या दोन मी बेसच्या सुरात लावतो. दिगू येईपर्यंत दोघांचं मी एकटा वाजवतो. नवा माणूस नको." नाना म्हणाले, "जमेल तुला?" मी म्हणालो, जमवतो. ही अक्कल माझी. नानांची नाही, दुसऱ्या कुणाची नाही.

गिटार मिळाली रावेतला, आयटीतल्या एका मुलाकडे. त्याच्या फ्लॅटच्या भिंतीवर काळ्या कपड्यांतल्या, केस सोडलेल्या माणसांची पोस्टर होती. तो वाजवायचा ते संगीत ऐकून मांजरं पळून जातील असलं. लग्न ठरलं म्हणून गिटार विकत होता. "काका, तुम्ही यावर काय वाजवणार?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "जुनी सिनेमाची गाणी. रविवारी हळदीकुंकवाचा कार्यक्रम आहे भोसरीत." तो बराच वेळ गिटारकडे बघत राहिला, मग आतून तारांचा एक जास्तीचा संच आणून फुकट हातात ठेवला. फार भला मुलगा.

घरी आणली आणि हातात धरली तेव्हा कळलं मी काय करून बसलोय. साध्या गिटारचा दांडा मुठीत मावतो. याचा दांडा केवढा तरी रुंद. अंगठा मागून वर यायचा तो येईना. जाड तारेपर्यंत बोट न्यायचं तर मनगट असं वाकवावं लागायचं की पंधरा मिनिटांत हात भरून यायचा. आठवी तार तर बोटाखाली ढिल्या नाडीसारखी लोळायची, छेडली की नुसती थरथरायची. पण हे सगळं सवयीनं होतं. जे होत नव्हतं ते वेगळंच होतं.

सीएनसी मशीनला आधी झिरो दाखवावा लागतो, म्हणजे काम कुठून सुरू होतं ती जागा. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, बदलला आणि झिरो तसाच राहिला, तर मशीन तक्रार करत नाही. ते इमानदारीत चुकीच्या जागी कापत जातं. आयुष्यभर मी नव्या पोरांना हेच ओरडून सांगितलं, आधी झिरो बघ. आणि माझ्या स्वतःच्या हाताचा झिरो होता सगळ्यात वरची तार. इतकी वर्षं बोटं वर जाऊन त्या तारेला शिवायची आणि तिथून खाली मोजायची. आता सगळ्यात वर दुसरीच तार बसली होती आणि हाताला ते कोण सांगणार?

पहिल्याच तालमीला फजिती झाली. आमच्याकडे गायक पट्टी हातानं दाखवतो. मूठ म्हणजे पेटीची काळी, उघडा पंजा म्हणजे पांढरी, मग जितकी बोटं तितकी नंबरची. आमच्या गायिका माधुरीताईंनी मूठ दाखवून दोन बोटं केली, काळी दोन. मी झोकात कॉर्ड, म्हणजे एकदम तीन-चार सूर, धरली, सवयीनं सगळ्यात वरच्या तारेपासून. कॉर्ड दोन तारा वर सरकली आणि असा काही घाण आवाज निघाला की ढोलकीवाला थांबून जनरेटरकडे बघायला लागला. माधुरीताई म्हणाल्या, "प्रकाशभाऊ, मी काळी दोन म्हटलं हो." मी म्हणालो, "काळी दोनच वाजवली. फक्त कुठून वाजवली ते विचारू नका." सगळे हसले. मी पण हसलो, पण कानशिलं तापली होती.

मग मशीनवर करतो तसं केलं. वरून तिसऱ्या तारेपाशी लाल मार्करचा ठिपका दिला. झिरो इथे. त्यानं चुका थांबल्या, पण मान खाली गेली ती गेलीच. सहा तारांवर मी डोळे मिटून वाजवायचो, गायिकेचा श्वास ऐकून कॉर्ड बदलायचो. आता नजर सारखी ठिपक्यावर. शेजारी कोण काय वाजवतंय ते कानावर पडायचं, आत जायचं नाही.

बेस मला शिकवला दिगूनं. आठवड्यातून तीन दिवस शिफ्ट सुटली की त्याच्या खोलीवर जायचो. तो बँडेजचा हात उशीवर उंच ठेवून भिंतीला टेकलेला. त्याची बायको, शोभावहिनी, ओट्यापाशी भाकऱ्या थापतायत. मी वाजवायला लागलो की हा लगेच सुरू.

"तू गिटार वाजवायलास लेका. बेस वाजव."

"तेच वाजवतोय ना."

"न्हाई. तू मध्ये मध्ये नक्षी काढायलास. लोकांना तू दिसायलास. असं नको दिसू."

मग उजव्या हातानं माझ्या गुडघ्यावर ठेका धरायचा आणि तोंडानं सूर म्हणायचा, डूं, डूं, डुडूं. चुकलं की गुडघ्यावर चापट. वीस वर्षांत त्यानं एकेका गाण्याला स्वतःच्या मनानं चाली बांधल्या होत्या. कुठे एक सूर जास्त, कुठे एक कमी. कुठे लिहिलेल्या नाहीत, कुणाला सांगितलेल्या नाहीत. त्या सगळ्या त्यानं मला दिल्या. काही म्हणजे काही हातचं राखलं नाही. एकदा वहिनी म्हणाल्या, "अहो, सगळंच शिकवाल तर तुमच्याकडं काय ऱ्हाईल?" तो म्हणाला, "काही पण बोलतीस. ह्यो माझी जागा राखू लागलाय."

मी मान खाली घालून वाजवत राहिलो. वहिनींना तेव्हाच दिसलं होतं, आणि मला दिसूनही मी बघितलं नाही.

कारण खरं सांगू का, मला चटक लागली. सहा महिन्यांनी अंगठा बेस धरायचा, बाकीची बोटं कॉर्ड आणि मधले तुकडे काढायची. इतकी वर्षं ज्या माणसाकडे कुणी बघितलं नाही, त्याच्याकडे लोक बघायला लागले. रावेतच्या एका सोसायटीत कार्यक्रम संपल्यावर एक आजोबा काठी टेकत वर आले, तारा मोजल्या, आणि विचारलं, "दोन जास्त आहेत, मग आवाज मोठा का नाही?" मी अर्धा तास त्यांना समजावत बसलो. इतकं मला आवडत होतं ते. नाना एकदा म्हणाले, "प्रकाश, एका माणसात दोन माणसं मिळाली की रे." आणि ऑर्केस्ट्राच्या गाडीत दिगूची जी जागा होती, ड्रायव्हरच्या मागची, खिडकीजवळची, तिथं दिव्यांच्या खोक्यांची थप्पी लागली. मी ती लावायला हातभारही लावला.

वर्ष होत आलं तेव्हा दिगूचा फोन आला. "ये. दाखवायचंय." गेलो तर बेस गळ्यात घालून बसलेला. उरलेली दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, त्यांनी सूर धरत होता. कुणाला न सांगता आठ महिने त्यानं हे केलं होतं. करंगळीला घट्टे पडले होते. संथ गाणी त्यानं अशी वाजवली की मला रडू आलं. वेगाच्या दोन-तीन गाण्यांत अडखळला. म्हणाला, "एवढी दोन-तीन मी बसवतो. पण बाकी झालंय का न्हाई?"

"झालंय," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

"मग नानांना सांग."

सांगितलं. नाना हो-नाही करत राहिले. शेवटी म्हणाले, खंडेनवमीला घेऊन ये. चाकणला एका मोठ्या कंपनीत दुपारी कार्यक्रम होता. खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात प्रत्येक कारखान्यात यंत्रांची पूजा होते. मशीन धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, त्या दिवशी कुणी मशीन चालवत नाही. स्टेज शेडमध्येच बांधलं होतं, एका बाजूला प्रेसची रांग, सगळ्यांना माळा. दिगू इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. स्टेजवर चढायच्या आधी तो एका प्रेससमोर उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. मी दुसरीकडे बघितलं.

नानांनी मला स्टेजमागे घेतलं. "हे बघ, समोर कंपनीचे साहेब बसलेत. दिगूचा आवाज बाहेर जाणार नाही. मिक्सरवर त्याचा बंद ठेवायला सांगितलाय. त्याच्यासमोर छोटा अँप आहे, त्यात त्याला त्याचं ऐकू येईल. तू नेहमीसारखा सगळा बेस वाजव. त्याचं मन राहील, आपला कार्यक्रम राहील."

मी काय म्हणायला पाहिजे होतं ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. नाना, मी वाजवणार नाही. नाना, त्याला वाजवू द्या, चुकला तर चुकला. एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "बरं."

दीड तास कार्यक्रम चालला. दिगू माझ्या उजव्या हाताला, दोन हातांवर. स्टेजवर सगळं घुमत असतं. बाहेरच्या मोठ्या बॉक्समधून येणारा बेस माझा, पण त्यातली एकूण एक चाल त्याची. तीच तो वाजवत होता, त्यामुळे त्याला वाटलं आपलाच आवाज बाहेर जातोय. मी ठिपक्यावर नजर ठेवून आठ तारा सांभाळत होतो. शेवटच्या गाण्याला, वेगाच्या, साहेब लोक उठून नाचले. नंतर दिगूनं मला मिठी मारली. शर्ट घामानं भिजलेला. "वाजलं का न्हाई रे?"

"वाजलं."

गाडीत घरी जाताना सगळ्यांना तो पेढे वाटत होता. शोभावहिनींनी सकाळीच डबा भरून दिला होता.

चार दिवसांनी कंपनीतल्या कुणीतरी कार्यक्रमाचा व्हिडिओ मोबाइलवर पाठवला आणि तो फिरत फिरत दिगूकडे गेला. त्यानं मला फोन केला. आवाज शांत होता. म्हणाला, "तिसऱ्या गाण्यात माझा पट्टा खांद्यावरनं निसटला. मी दोन्ही हातांनी वर घेऊ लागलोय, दिसतंय. पण बेस वाजायलाय तसाच." मग म्हणाला, "आधी मला वाटलं मोबाइल बिघडला."

मी संध्याकाळी त्याच्या खोलीवर गेलो. काय बोलायचं ते मोटारसायकलवर ठरवत गेलो आणि दारात पोचल्यावर त्यातलं काही तोंडात राहिलं नाही. नाना म्हणाले, मी म्हणालो, साहेब बसले होते, असं कायबाय बडबडलो. शेवटी म्हणालो, "दिगू, मी तुझी जागा खाल्ली."

तो म्हणाला, "ते जाऊ दे. मला एक सांग. मी कसं वाजवलं? तू बाजूलाच होतास. बाहेर न्हाई गेलं तर न्हाई गेलं. तू तर ऐकलंस की."

"चांगलं वाजवलंस रे. फार चांगलं."

"शेवटच्या गाण्यात?"

"त्यातही."

"त्यात दुसऱ्या कडव्यानंतर मी एक नवीन काढलं होतं. दोन बोटांनी जुनं जमत नव्हतं, म्हणून दुसऱ्या वाटेनं गेलो. पंधरा दिवस बसलो होतो त्याच्यावर. ते कसं वाटलं?"

"छान होतं."

"काय होतं?"

मी खालच्या चटईचा काठ सरळ करायला लागलो.

"नुसतं तोंडानं म्हण. कुठं वर गेलो, कुठं खाली आलो."

मला आठवत नव्हतं, असं नाही. मी ऐकलंच नव्हतं. त्या कडव्यानंतर माझा अंगठा सातव्या तारेवरून आठवीवर जात होता आणि मी ठिपका बघत होतो. त्या छोट्या अँपमधून येणारा आवाज त्या अख्ख्या शेडमध्ये त्याच्याशिवाय फक्त मला ऐकू येण्यासारखा होता. वहिनी चहाचे कप ठेवून आत गेल्या. दिगू माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याला कळायला वेळ लागला नाही.

"आता वाजव," मी म्हणालो. "आता नीट ऐकतो. वाजव ना, दिगू."

बेस त्याच्या मागे खुंटीला टांगलेला होता. त्यानं वळूनही बघितलं नाही.

"नको," तो म्हणाला. "चहा घे, निवायलाय."